गावी गेलेल्यांची यादी

आमच्या सोसायटीतल्या चौघी दिवाळीनंतर सिमल्याला जाऊन आल्या. मग महिनाभर जिन्यात, लिफ्टमध्ये, हळदीकुंकवाला, जिथे भेटतील तिथे आम्हाला बर्फातले फोटो बघावे लागले. मीही त्याच सुमारास फिरून आले. चार दिवस, मुलुंड ते वेसावे आणि परत. माझे फोटो कोणी मागितले नाहीत, म्हणून हे लिहिते आहे. एक सांगून ठेवते, सिमल्याला मी दोनदा गेले आहे, पण असा अभिमान घेऊन तिथून परतले नव्हते.

आधी माझी ओळख. मी कर्णिक सिस्टर. सरकारी रुग्णालयात जन्म गेला, निवृत्त होताना वॉर्डची इन्चार्ज होते. अजूनही कोणी खोकलं की माझी मान वळते. माझ्या मैत्रिणीची मुलगी अश्विनी डॉक्टर आहे, अंधेरीच्या एका छोट्या संशोधन संस्थेत काम करते. बाहेरून कामाला आलेल्या माणसांची तब्येत मुंबईत कशी राहते, हा तिचा अभ्यास. लोक बोटाला लावायच्या अंगठ्याएवढ्या मशीनवर विश्वास ठेवत नाहीत, पांढऱ्या केसांच्या बाईवर ठेवतात, असं म्हणून तिने मला ओढलं. मी म्हटलं, मला फुकट चहा मिळणार असेल तर येते.

सोमवार, मुलुंड

प्रवासाची सुरुवात माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून झाली. तिथून एक क्रेन दिसते. दोन वर्षं मी त्या क्रेनकडे बघत पोळ्या लाटल्या, पण तिच्या पायाशी माणसं राहतात हे कधी डोक्यात आलं नव्हतं. घरापासून चालत दहा मिनिटं. निळ्या पत्र्याचं कुंपण, त्याला एक छोटं दार, आणि आत पत्र्याच्याच खोल्यांच्या रांगा, म्हणजे मजुरांचा कॅम्प. एका खोलीत दुमजली फळ्यांवर आठ-दहा जणांची झोपायची सोय. म्हटलं, आता नाक दाबावं लागणार. कसलं काय, जमीन झाडलेली, ताटं पालथी घालून ठेवलेली, प्रत्येक फळीच्या डोक्याशी खिळ्याला साईटची पिवळी टोपी टांगलेली. काही फळ्यांवर माणूस नव्हता, अंथरूण गुंडाळून दोरीने बांधलेलं होतं, पण टोपी होतीच. जादाच्या असतील असं मला वाटलं. माझ्या वॉर्डात आयाबायांनी इतकी टापटीप ठेवली असती तर मी त्यांचे पाय धरले असते.

तिथे फूलमती भेटली. बिलासपूरकडची, विशी-बाविशीतली, सातवा महिना चालू. नवरा गवंडी. ती आधी विटा उचलायची, आता तिला नव्या भिंतींवर पाणी मारायचं काम दिलं होतं. मी प्रश्नांचा कागद काढायच्या आत तिने माझ्यापुढे वाटी ठेवली. रात्रीचा भात पाण्यात भिजवलेला, वर मीठ, बाजूला कांदा आणि हिरवी मिरची. याला ते लोक बासी म्हणतात आणि सकाळी कामावर जाण्याआधी खातात. आपल्याकडे उरलेल्या भाताला फोडणी दिल्याशिवाय चैन पडत नाही, इथे तेल नाही, हळद नाही, गॅससुद्धा पेटवायचा नाही. आंबूस, थंडगार, झकास. मी दुसऱ्यांदा मागून घेतला.

फूलमतीचं ब्लडप्रेशर जरा वरच्या बाजूला राहत होतं. अश्विनीच्या संस्थेचा एक डॉक्टर दर गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत कॅम्पवरच्या एका खोलीत बसायचा, तो तिला तपासायचा आणि गोळ्या द्यायचा. मोठ्या रुग्णालयात जायचं तर अख्खा दिवस रांगेत जातो आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. इथे पंधरा मिनिटांत काम. त्या गुरुवारवर तिचं बाळंतपण उभं होतं, हे मला तिची केसपेपरची वही बघूनच कळलं.

मग आम्ही प्रश्न विचारायला बसलो. गेल्या सहा महिन्यांत आजारी पडलात का? नाही. ताप? नाही. खोकला? नाही दीदी. एकामागून एक तगडे गडी येत होते आणि मान हलवत होते. वजनं घेतली, प्रेशर घेतलं, फूलमती सोडली तर कोणाचं काही सापडेना. मला तर भरून आलं. इतकी मेहनत, असं राहणं, आणि बघा कसे ठणठणीत.

आणि तिथेच मी माती खाल्ली. अश्विनी निघून गेल्यावर साईट मॅनेजर माने चहा घेऊन आले. सांगोल्याकडचे, पस्तिशीचे, कानाला सतत फोन. मी मोठ्या रुबाबात त्यांना म्हटलं, "माने, तुमची माणसं एकदम ठणठणीत आहेत. इतकी वर्षं वॉर्ड बघितला, पण अशी प्रकृती बघितली नाही."

त्यांनी फोन कानापासून दूर केला. "सगळे?"

"एक गरोदर बाई सोडली तर सगळे."

"बरं झालं सांगितलंत, सिस्टर," ते म्हणाले, आणि चहाचा कप ठेवून गेले. मला वाटलं, माणूस खूश झाला.

मंगळवार, घाटकोपर

सकाळी अश्विनीचा फोन. "मावशी, तू काय बोललीस त्या मानेला?"

मी सांगितलं.

"वाट लागली. त्याने मेसेज केलाय. कोणी आजारी नसेल तर डॉक्टरला खोली कशाला, म्हणतो. शनिवारी फरश्या येतायत, त्या तिथे ठेवणार. परवाचा गुरुवार शेवटचा."

"अगं, पण फूलमती..."

"एका बाईसाठी खोली अडवता येत नाही, म्हणाला. आणि मावशी, मी त्याला काय सांगू? माझ्या कागदावर पण सगळ्यांपुढे 'नाही, नाही, नाही'च लिहिलंय ना यार."

मी पलंगावर बसून राहिले. निवृत्त झाल्यावर माणसाला बोलायला लोक मिळत नाहीत, मग मिळाले की तोंड सुटतं. वॉर्डात मी कधी डॉक्टरांच्या आधी निदान बोलले नव्हते, आणि इथे एका कप चहावर बोलून बसले. माझीच मला लाज वाटली.

तरी ठरलेलं काम ठरलेलं. घाटकोपरला डोंगरउताराच्या एका वस्तीत जरीकामाचा कारखाना होता. कारखाना म्हणजे माळ्यावरची एक लांब खोली. लाकडी चौकटीवर ताणलेलं कापड, त्याला ते अड्डा म्हणतात, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मांडी घालून बसलेले बिहारमधले कारागीर. डोळे कापडापासून वीतभर अंतरावर. एका लग्नाच्या ओढणीवर मोर उमटत होता. तो मोर बघून मी कामच विसरले. आपण दुकानात जाऊन "याहून कमी भरलेलं दाखवा" म्हणतो, त्या भरलेपणात कोणाची मान किती दिवस वाकलेली असते हे आता विसरता येणार नाही.

त्यांनी चहाबरोबर खारी दिली. मी प्रश्न विचारले. डोळ्यांना त्रास? नाही. पाठ? नाही. आजारी? अजिबात नाही. अड्ड्याच्या टोकाला एक जागा रिकामी होती, बसायची गादी गुंडाळून भिंतीला टेकवलेली. मला त्या सगळ्यांचा राग यायला लागला होता. म्हटलं, एकाला तरी सर्दी होऊ दे रे.

संध्याकाळी उतरल्यावर मी घरी न जाता आधी कॅम्पवर गेले. फूलमतीला बातमी कळली होती, माने कोणापासून काही लपवत नाहीत. ती भाकरीसारखं काहीतरी थापत होती, तांदळाच्या पिठाचं. मी म्हटलं, माझी चूक झाली गं. तिने मान वर न करता सांगितलं, "गुरुवार बंद हुआ, तो मैं गाँव चली जाऊँगी, दीदी."

सातवा महिना, प्रेशर वर, आणि दिवस-रात्रीचा गाडीचा प्रवास, तोही बहुतेक जमिनीवर बसून. गावातून डॉक्टर गाठायचा तर पुन्हा किती कोस, ते तिलाही नीट सांगता येईना. मी तिला जाऊ नकोस म्हटलं. पण कशाच्या जोरावर म्हटलं, ते मला माहीत नव्हतं.

बुधवार, वेसावे

घाटकोपरहून मेट्रोत बसलं की पार वर्सोव्याला उतरता येतं, पण खरं वेसावे तिथून पुढे रिक्षाने गाठावं लागतं. बंगले मागे पडले, रस्ता अरुंद झाला, आणि वासाने मला आधीच सांगितलं की कोळीवाडा आला. आमच्या मुलुंडच्या बायका मासळीच्या वासाला पदर लावतात. मी सीकेपी, कारखानिसांच्या घरात जन्मलेली, मला त्या वासाने भूकच लागते.

किनाऱ्यालगत मोकळ्या जागेवर करड्या गुलाबी रंगाचं काहीतरी पसरलं होतं. मी अश्विनीच्या पुढे, समुद्राकडे बघत चालले होते. बोटी किनाऱ्याला लागल्या होत्या, रंगीत बावटे फडफडत होते, डिसेंबरचं ऊन, छान वारा. तेवढ्यात मागून आवाज आला.

"अगो बाय, पाय बघ तुजा! जवला तुडवलास सगला!"

मी वाळत घातलेल्या जवळ्याच्या मधोमध उभी होते, सॅंडलसकट. आवाज रत्नाबायचा होता, आम्ही जिच्याकडे निघालो होतो तीच. साठीची बाई, अंगावर दोन हातांत मावणार नाही इतकं सोनं, आणि आवाज असा की होडीवरचा माणूसही ऐकेल. तिच्या घरची बोट. बोटीवर काम करणारे खलाशी झारखंडचे, उत्तर प्रदेशचे. अश्विनीने माझ्या वतीने माफी मागितली, मी सॅंडल हातात घेऊन बाहेर आले, आणि रत्नाबायने शिव्या देतच आम्हाला जेवायला बसवलं. ताज्या बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकर. ती भाकर बघून मला आदल्या संध्याकाळची फूलमतीची थापणारी बोटं आठवली, आणि दुसरी भाकर मी नको म्हटली.

जेवणानंतर ओटीवर खलाशी जमले. तेच प्रश्न, तीच उत्तरं. बीमार? नाही. कोणी नाही. रत्नाबाय दाराला टेकून सुपारी कातरत ऐकत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"सिस्टर, तुमी शिकलेली मानसं, असं काय इचारता? आजारी मानूस हितं कशाला र्‍हाईल? तो गेला गावाला."

"म्हणजे?"

तिने उठून आतल्या भिंतीकडे बोट केलं. तिथे खुंट्यांवर कापडी पिशव्या टांगल्या होत्या. मी त्या बघितल्या होत्या, पण घरातल्याच असतील म्हणून सोडून दिल्या होत्या.

"ही बघ. हा खोकत होता, दोन महिनं झालं. याचा हात जाल्यात सापडला. ह्यो पिवला पडला. गावाला जाताना पिशवी माज्याकडं देतात. पिशवी खुंटीला हाय तवर बोटीवर त्याची जागा हाय, दुसरा कुनी घेनार नाय. बरा झाला की येतो, पिशवी काढतो, बोटीवर चढतो."

"आणि बरा नाही झाला तर?"

रत्नाबायने सुपारी तोंडात टाकली. "एक पिशवी दोन वर्सं हाय. मी काढीत नाय."

मी अश्विनीकडे बघितलं, तिने माझ्याकडे. आम्ही दोघींनी कागद घेऊन घरोघर, कॅम्पोकॅम्प ठणठणीत माणसांनाच विचारलं होतं की तुम्ही आजारी आहात का. जे आजारी होते, त्यांना विचारायला तिथे कोणी उरलंच नव्हतं. ज्या माणसाला अंथरूण धरायची वेळ येते तो मुंबईत अंथरूण धरतच नाही, तो गाडी धरतो. आणि मी, जन्मभर खाटेवर असलेला रोगी मोजणारी बाई, त्या पिवळ्या टोप्यांना जादाच्या टोप्या समजून आले होते. घाटकोपरची ती गुंडाळलेली गादीही डोळ्यांसमोर आली. मग फूलमतीचं ते वाक्य. ती आम्हाला धमकी देत नव्हती. त्यांच्यात जे करतात तेच ती सांगत होती.

"मावशी," अश्विनी म्हणाली, "माझा अख्खा अभ्यास उलटा चाललाय."

"मग सरळ कर. चल, ऊठ."

रत्नाबायने निघताना आम्हाला सुक्या जवळ्याची पुडी दिली, माझ्याच पायाखालचा असेल. मी घेतली.

संध्याकाळी काम सुटायच्या वेळेला आम्ही मुलुंडच्या कॅम्पवर होतो. या वेळी कागद पिशवीतच ठेवला. चुलीजवळ बसून मी एवढंच विचारलं, की या टोप्या कोणाच्या?

मग फूलमतीच्या नवऱ्याने एका टोपीवर हात ठेवला. हा गवंडी. छातीत दुखायचं, गावी गेला. शेजारच्याने दुसरी दाखवली. हा फरशीवाला, धुळीने दम लागायचा. मग थांबेचना. कोणी फोन लावला आणि गावच्या माणसाला थेट माझ्याशीच बोलायला लावलं. एक जण टीबीच्या गोळ्या इथे सुरू करून गेला होता, त्या तिकडे मिळत नव्हत्या म्हणून बंद. अश्विनीने तिथल्या तिथे त्याच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्याचा नंबर शोधला, फोन लावला आणि त्याला उद्या सकाळी कुठल्या खिडकीपाशी उभं राहायचं ते सांगितलं. ही पोरगी अशी तडफदार आहे हे मला माहीत होतं, पण त्या चुलीच्या उजेडात तिला बघताना वाटलं की हिच्या आईला आत्ता इथे बोलवावं.

वहीची दोन पानं भरली. मी नावं लिहायला लागले तेव्हा अश्विनीने माझा हात धरला. "नावं नाही, मावशी. मॅनेजरच्या हातात आजाऱ्यांची नावं गेली तर उद्या त्यांना कामावर घेणार नाहीत. फक्त काम लिही, त्रास लिही, आणि गाव." तिचं बरोबर होतं. आधीच एकदा माझ्या तोंडाने घोळ घातला होता. आणि ज्यांच्या टोप्या होत्या त्यांची परवानगी फोनवर घेऊन, मगच एकेक ओळ लिहिली.

गुरुवार, पुन्हा मुलुंड

दुपारी जेवणाच्या सुट्टीत खोलीत डॉक्टर बसले, बाहेर बाकावर फूलमती आणि आणखी चार जण. माने फरश्यांसाठी जागा मोजायला टेप घेऊन आले होते. मी त्यांना म्हटलं, "माने, सोमवारी मी चुकीचं बोलले. पाच मिनिटं बसा."

"सिस्टर, माझी गाडी येतेय."

"गाडी थांबेल. बसा."

वॉर्डातला आवाज होता तो, बसले बिचारे. मी वही उघडली आणि वाचायला लागले. एक गवंडी, छातीत दुखणं, गाव महासमुंद. एक फरशी बसवणारा, दम, गाव बांदा. एक सळया वाकवणारा, पायाला जखम, चिघळली, गाव पलामू. एक लिफ्टच्या खड्ड्यातला मजूर, ताप, गाव रायचूर.

फरशीवाल्याच्या ओळीला माने थोडे पुढे झाले होते. ते म्हणाले, "हा बांदावाला... हा तर पळून गेला होता. मी त्याला फोनवर काय काय बोललो."

"पळाला नव्हता. श्वास घेता येत नव्हता."

मी पुढे वाचत राहिले. पहिलं पान संपलं, दुसरं सुरू झालं. त्यांच्या हातातला टेप आपोआप आत गुंडाळला गेला. फोन वाजला, त्यांनी तो कापला. अश्विनी त्यांना समजावू लागली, की या माणसांना आजार इथेच लागला, पण पत्ता गावचा असल्यामुळे तो मुंबईच्या कुठल्याच कागदावर येत नाही. गुरुवारची खोली असली तर त्यातले निम्मे तरी गाडीत बसण्याआधी डॉक्टरसमोर बसतील. आणि फूलमतीसुद्धा गावच्या गाडीत बसणार नाही.

खिडकीतून लांबवर आमची इमारत दिसत होती, माने तिकडे बघत राहिले. मला वाटलं, आता उठून जातील.

"गेल्या वर्षी मी पंधरा दिवस गावी होतो," ते म्हणाले. "हेड ऑफिसला सांगितलं, बहिणीचं लग्न आहे. मला बहीण नाही, सिस्टर. कंबर अशी धरली होती की बूट घालता येत नव्हते. आईने शेकून शेकून उभा केला." मग त्यांनी वहीकडे हात केला. "लिहा. एक साईट मॅनेजर, कंबर, गाव सांगोला."

अश्विनीने लिहिलं. मीच लिहिणार होते, पण मला अक्षर नीट दिसत नव्हतं.

त्यांनी बाहेर जाऊन कोणालातरी फोन केला, फरश्या गेटजवळच्या शेडमध्ये उतरवायला सांगितल्या, आणि वर दोन शिव्याही हासडल्या. या माणसांचा मला फार अभिमान वाटला. रत्नाबायचा, त्या टोप्या टांगून ठेवणाऱ्यांचा, अश्विनीचा, आणि खरं सांगायचं तर या धुळीच्या, घाईच्या, कोणालाही एका दिवसात आपलं म्हणून कामाला लावणाऱ्या आमच्या उपनगरांचा.

डॉक्टरांनी फूलमतीला आत बोलावण्याआधी माने परत आले. शर्टाची बाही दुमडत सरळ खोलीत शिरायला लागले.

मी दारात हात आडवा केला. म्हटलं, "नंबर लावा, माने. तिच्या मागे."